एकाच नावाच्या फाईली: नारायण पेठेतल्या एका डीटीपी कार्यालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अप्पा बळवंत चौकातून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर हे डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करणारं, कार्यालय आहे. मालकांना इथे काका म्हणते, आणि त्यांच्याकडे पंचवीसएक वर्षं अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना ताई. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला दोघांचीही परवानगी आहे. मी छोट्या कार्यालयांची संगणकाची कामं करते. इथे आले तेव्हा काम आठवड्याभराचं वाटलं होतं. सात आठवडे लागले.

कामाला १९९८ साली सुरुवात झाली. पानं मांडायला आधी पेजमेकर, मग इनडिझाइन, कव्हरसाठी कोरलड्रॉ. मराठी टाईप करायला आयएसएम आणि श्रीलिपी. एक सीडॅकचं, दुसरं मॉड्युलर इन्फोटेकचं, म्हणजे दोन्ही पुण्यातच घडलेली. आत्मचरित्रं, कवितासंग्रह, ज्ञातीच्या स्मरणिका, दिवाळी अंक, शाळांची वार्षिकं असं कितीतरी या तीन टेबलांवरून गेलं आहे.

साठवणीची तऱ्हा बहुतेक ठिकाणी असते तशीच. नवा संगणक आला की जुन्याचा डी ड्राइव्ह अख्खा उचलून नव्यावर ठेवायचा आणि फोल्डरला नाव द्यायचं ‘जुना डी’. काही वर्षांनी तो संगणकही बदलला, मग ‘जुना डी २०११’. तो उघडला की आत पहिला ‘जुना डी’ शाबूत. शिवाय चार बाहेरच्या हार्ड डिस्क, ज्यांत भीतीपोटी वेळोवेळी सगळं पुन्हा कॉपी केलेलं. कुणी निष्काळजी होतं असं नाही. काही हरवू नये म्हणूनच हे सगळं केलेलं होतं.

काय बिघडलं

एका आत्मकथनाची दुसरी आवृत्ती निघायची होती. पहिली आवृत्ती निघाली त्यानंतर काही वर्षांनी लेखिका गेल्या. प्रकाशकांनी ‘तीच फाईल, फक्त नवं कव्हर’ असं सांगितलं. सातव्या प्रकरणाची फाईल दोन ठिकाणी मिळाली. नाव अगदी तेच, आकारात जेमतेम फरक. एकीवर तारीख २०१३ची, दुसरीवर २०१६ची. नवी तारीख ती शेवटची, असं समजून २०१६ची फाईल छपाईला गेली.

फर्मे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं, घडी होऊन आले, बायंडिंग व्हायचं होतं. प्रकाशकांनी एक संच लेखिकेच्या मुलीला पाहायला दिला. त्यांनी सातव्या प्रकरणातल्या एका परिच्छेदावर बोट ठेवलं. आपल्या धाकट्या बहिणीबद्दलचा तो परिच्छेद लेखिकेने पहिल्या आवृत्तीच्या शेवटच्या प्रुफात स्वतःच्या हाताने काट मारून काढला होता. छापलेल्या पहिल्या आवृत्तीत तो नव्हताच. आता पुन्हा आला होता.

सोळा पानांचा तो फर्मा काकांनी स्वतःच्या खर्चाने पुन्हा छापून दिला. पण पैशांबद्दल ते माझ्याशी बोललेच नाहीत. म्हणाले, “अगं, त्या बाईंनी विचार करून काढलेली ओळ आपण त्यांच्यामागे परत घातली. त्या असत्या तर निदान माफी तरी मागता आली असती.” मला बोलावलं ते यासाठी.

तारखेने फसवलं कसं, हे नंतर उलगडलं. २०१६ साली इनडिझाइनची नवी आवृत्ती बसवली. जुन्या आवृत्तीतली फाईल नव्यात उघडली की ती रूपांतरित होते आणि वेगळी सेव्ह करावी लागते. कुणीतरी दुसऱ्या प्रुफाच्या वेळची जुनी प्रत सहज उघडून पाहिली असणार आणि बंद करताना त्याच नावाने सेव्ह केली असणार. मजकूर दुसऱ्या प्रुफाचा, तारीख तीन वर्षांनी पुढची.

पाहणी

आधी सगळ्या फाईलींच्या नावांची यादी करायला घेतली. कमांड खिडकीतून जुन्या डीआयआर आज्ञेने काढलेल्या पहिल्या यादीत मराठी नावांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं आली. त्या खिडकीला देवनागरी पेलत नाही. पॉवरशेल या विंडोजच्याच नंतरच्या आज्ञा-साधनातून काढली तरी तेच, कारण त्याच्या जुन्या आवृत्तीत सीएसव्ही फाईल (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) लिहिताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या संकेतांत साठवायची ते, सांगितलं नाही तर देवनागरी गळून पडते. यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगितल्यावर यादी नीट आली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण प्रश्नचिन्हांची यादी एक्सेलमध्ये नेली तर समान लांबीची सगळी मराठी नावं एकसारखीच दिसतात. त्यावरून कुणी फाईली पुसल्या तर अनर्थ होईल.

सगळ्या डिस्क मिळून सुमारे १ लाख ८६ हजार फाईली निघाल्या. त्यातल्या ९४ हजारांचं नाव किमान दोनदा आलं होतं. आकडा पाहून काका हादरले. पण सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव होतं ‘थम्ब्स डॉट डीबी’, म्हणजे चित्रांच्या फोल्डरमध्ये विंडोज एक्सपी आपणहून करून ठेवायची ती लपलेली फाईल. ती, फॉन्ट आणि सॉफ्टवेअरच्या फाईली बाजूला काढल्यावर ६१ हजार उरल्या.

मग नावं पाहू लागले. ‘मनोगत’. ‘प्रस्तावना’. ‘अर्पणपत्रिका’. ‘अनुक्रमणिका’. ‘कव्हर’. ‘प्रकरण १’. ‘मनोगत’ या एकाच नावाच्या फाईली शंभराहून जास्त होत्या. त्यातल्या कितीतरी प्रती होत्या, पण कितीतरी वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी मनोगतं होती. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी सैनिकाची आई, कुणी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलेला शेतकरी. नाव एक आहे म्हणून यातली एक ठेवून बाकीच्या काढा, असं म्हणणाऱ्या साधनाला या कार्यालयात पाऊल ठेवू द्यायचं नाही, हे माझं तिथेच ठरलं.

कोणते पर्याय होते

काकांच्या भाच्याने एक फुकटचं सॉफ्टवेअर सुचवलं होतं. बटण दाबायचं, दुहेरी फाईली साफ. त्याची आधीच ठेवलेली मांडणी मी तपासली तर ती फक्त नाव जुळवणारी होती. असली साधनं वाईट नसतात. ‘एव्हरीथिंग’ एकाच नावाच्या फाईली क्षणात समोर ठेवतं, ‘ड्युपगुरू’ मिळतीजुळती नावंही शोधतं आणि मजकूरही ताडून पाहतं. पण शोधणं आणि पुसणं या दोन कामांमध्ये माणूस बसायला हवा.

दुसरा पर्याय ताईंचा: जुन्याला हातच लावू नका, आजपासून नवी पद्धत पाळू. यात धोका सर्वांत कमी, पण पुनर्मुद्रणाची कामं जुन्यातूनच येतात. पुढच्या आवृत्तीला तोच प्रसंग पुन्हा आला असता. मोठी डिस्क आणून त्यात सगळं ओतायचं असंही बोलणं झालं. त्याने पाचवी प्रत तयार झाली असती, एवढंच.

शेवटी ठरलं ते असं. नावावरून संशयित शोधायचे, मजकुरावरून खात्री करायची, आणि नाव एक पण मजकूर वेगळा असेल तिथे निर्णय ताईंनी घ्यायचा. काहीही पुसायचं नाही. जास्तीच्या प्रती ‘तपासणी’ नावाच्या नव्या डिस्कवर हलवायच्या, मूळ जागेच्या पत्त्यासकट, आणि सहा महिने तिथेच ठेवायच्या.

‘पुसायचं नाही’ या अटीला आणखी एक कारण होतं. तिन्ही संगणक एकमेकांना जोडलेले आहेत. दुसऱ्या संगणकावरच्या सामायिक फोल्डरमधून फाईल पुसली तर ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. ताईंना हे माहीत नव्हतं, आणि ते माहीत असायला हवं होतं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही.

मजकूर ताडून पाहणं

आधी आकार पाहिला. आकार वेगळा असेल तर दोन फाईली तंतोतंत एक असूच शकत नाहीत. आकार जुळला तिथे प्रत्येक फाईलचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. शा-२५६ या पद्धतीत चौसष्ट अक्षरांची एक ओळ मिळते, आणि फाईलमध्ये एक काना जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. ठसे जुळले तर नाव काहीही असो, फाईल एकच.

६१ हजारांपैकी सुमारे ४४ हजार फाईली अशा तंतोतंत जुळणाऱ्या संचांमध्ये निघाल्या. यातली प्रत्येकी एक जागेवर ठेवून बाकीच्या ‘तपासणी’त हलवल्या. कोणती ठेवायची? ज्या फोल्डरमध्ये त्या पुस्तकाच्या बाकीच्या फाईलीही आहेत तिथली. ‘जुना डी’च्या पोटातल्या प्रती आपोआप गेल्या.

इथे माझ्याकडून चूक झाली. एका मासिकाची छायाचित्रं दोन फोल्डरमध्ये होती, ठसे जुळत होते, मी एक फोल्डर उचलला. दुसऱ्या दिवशी ताईंनी अंक उघडला तर लिंक्सच्या खिडकीत ओळीने लाल प्रश्नचिन्हं. इनडिझाइन चित्र पोटात घेत नाही, कुठे ठेवलंय तो पत्ता लक्षात ठेवतं, आणि अंक नेमका त्या फोल्डरवर विसंबून होता जो मी हलवला. प्रत्येक फाईलचा मूळ पत्ता नोंदवलेला असल्यामुळे तासाभरात सगळं परत जागेवर गेलं, पण ताईंचा चेहरा उतरलेला मला आठवतो. त्यानंतर नियम केला की चित्रांना हात लावण्याआधी त्या कामाचं पॅकेज करायचं, म्हणजे मांडणी, चित्रं आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये एकत्र येतात. त्याच्या बाहेरची प्रत मगच हलवायची.

दिसायला एक, असायला दोन

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी हाक मारली. “हे बघ गं, हे कसं काय?” एकाच डिस्कवर, एकाखाली एक, दोन फोल्डर: ‘कादंबऱ्या’ आणि ‘कादंबऱ्या’. विंडोज एका जागी एका नावाचे दोन फोल्डर करू देत नाही. तरी ते होते. एकात चौदा पुस्तकं, दुसऱ्यात नऊ, आणि त्यातली सहा दोन्हीकडे.

दोष त्या अर्ध्या र चा. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाईप होतो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग य. दुसरीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. पडद्यावर अक्षर तेच दिसतं, संगणकाच्या लेखी ती दोन निराळी नावं. एक फोल्डर ताईंनी केलेला होता, दुसरा एका लेखकाने पाठवलेल्या झिपमधून आलेला. ॲ चंही तेच: ते एक अक्षर म्हणून लिहिता येतं, किंवा अ वर चंद्र देऊन. नावावरून शोधणाऱ्या माझ्या पहिल्या यादीत अशा जोड्या सापडल्याच नव्हत्या.

घाईघाईत सुचलेला उपाय होता सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकून मगच नावं जुळवायची. करून पाहिलं आणि थांबले. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या शब्दातून जोडचिन्ह काढलं की ऱ्य चा र्य होतो. म्हणजे ‘आचाऱ्यांच्या आठवणी’ आणि ‘आचार्यांच्या आठवणी’ ही दोन नावं एक ठरली असती, स्वयंपाकी आणि गुरू एका फोल्डरमध्ये. म्हणून आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह हे जिथे जिथे सलग आलं तिथे ऱ आणि हलन्त घातलं, उरलेली अदृश्य चिन्हं नंतर काढली. हेही फक्त यादीतल्या वेगळ्या रकान्यात. खऱ्या नावांना हात लावला नाही. मराठी नावांच्या फाईली जुळवताना मला हा क्रम सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाहेरून आलेल्या साधनात तो असेल असं गृहीत धरू नये.

जुन्या फाईलींची अडचण वेगळी. त्यांची नावं रोमन लिपीत मराठी लिहून दिलेली. ‘कादंबरी’ कुणी एका ए ने लिहिलेली, कुणी दोन ए ने, कुणी मधला ए गाळून. पेजमेकर ६.५ची ‘पी६५’ आणि ७.०ची ‘पीएमडी’ असं शेवट वेगळा असलेलं एकच पुस्तक दोनदा. विंडोज नावाचा शेवट लपवतं, त्यामुळे ताईंना ही जोडी दुहेरी वाटे. प्रत्यक्षात दुसरी फाईल पहिलीवरून पुढे नेलेली, बहुधा जास्त दुरुस्त. कोरलच्या ‘बॅकअप ऑफ’ने सुरू होणाऱ्या फाईली उलट्या बाजूच्या: नाव वेगळं, काम तेच.

आणि व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो. तेच छायाचित्र ईमेलने आलेलं चार एमबीचं, व्हॉट्सॲपने आलेलं दाबून लहान केलेलं. नाव वेगळं, आकार वेगळा, ठसाही वेगळा. ते डोळ्यांनीच ओळखावे लागले. त्यात छपाईसाठी मोठंच ठेवायचं, एवढा निर्णय सोपा होता.

ताईंची वही

नाव एक, पुस्तक एक, मजकूर वेगळा, अशा ६४० जोड्या उरल्या. सातव्या प्रकरणासारख्याच. इथे कुठलंही साधन पुढे येणार नव्हतं. मी तारखांवरून एक अंदाज मांडून दिला. कॉपी केलेल्या फाईलमध्ये ‘तयार केल्याची’ तारीख कॉपीची असते आणि ‘बदलल्याची’ तारीख मूळची राहते, त्यामुळे कोणती प्रत कुठून आली ते बरंचसं कळतं. पण कोणती शेवटची, ते कळत नाही.

पहिल्या वीस जोड्या तपासताना ताई उठल्या आणि कपाटातून लांब हिशेबाच्या वह्या काढून आणल्या. प्रत्येक पुस्तकासाठी एक पान. जॉब नंबर, प्रकाशक, पहिलं प्रूफ कधी गेलं, कधी आलं, दुसरं, तिसरं, आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरात: ‘प्र. ७, पान ११२, परि. २ काढला. बाईंनी स्वतः.’

तो परिच्छेद कधी निघाला याची नोंद इतकी वर्षं त्या कपाटात होती. कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

तिथून पुढे काम वहीवरून झालं. वहीतली शेवटच्या प्रुफाची दुरुस्ती घ्यायची, दोन्ही फाईली उघडून ते पान काढायचं, दुरुस्ती जिच्यात आहे ती खरी. जिथे छापील पुस्तक कार्यालयात होतं तिथे त्याच्याशीही ताडून पाहिलं. ताई वाचायच्या, मी नोंद करायचे. तारखेवरून मी केलेला अंदाज पुष्कळ ठिकाणी बरोबर निघाला. पण जिथे चुकला तिथे अगदी सातव्या प्रकरणासारखाच चुकला असता.

निष्पत्ती

आता कामाची एकच डिस्क आहे आणि तिची एक प्रत काकांच्या घरी असते. प्रत्येक कामाचा फोल्डर वहीतल्या जॉब नंबराने सुरू होतो, पुढे पुस्तकाचं नाव. फाईलीच्या नावात प्रूफ क्रमांक असतो. ‘फायनल’ हा शब्द नावात वापरायचा नाही असं ताईंनीच ठरवलं. छपाईला गेलेल्या कामाची पीडीएफ ‘छापील’ या आतल्या फोल्डरमध्ये राहते आणि ती फक्त वाचता येईल अशी करून ठेवली आहे.

एका मुद्द्यावर आमचं जमलं नाही. मी नावं सगळी रोमन आणि आकड्यांत ठेवू म्हणत होते, कारण झिप करून पाठवलेली देवनागरी नावं कधी कधी पलीकडे विस्कटून पोहोचतात. ताई म्हणाल्या, “मराठी पुस्तकाचं नाव मराठीत का नको?” शेवटी फोल्डरची नावं मराठीत आणि आतल्या फाईली आकड्यांत, असं ठरलं. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. नाव वाचून पुस्तक आठवणारी व्यक्ती त्या कार्यालयात आहे, तर नाव तिला वाचता येईल असंच हवं.

‘तपासणी’ डिस्कवरून सहा महिन्यांत अकरा फाईली परत आणाव्या लागल्या. बहुतेक चित्रं होती.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी यादी काढण्याआधी मी विचारीन: तुम्ही कागदावर काय लिहून ठेवता? त्या एका प्रश्नाने निदान दोन आठवडे वाचले असते. दुसरं, पॅकेज केल्याशिवाय चित्रांच्या फोल्डरला हात लावणार नाही. तिसरं, हॅशवरून जुळलेल्या ४४ हजार फाईलींना इतका वेळ देणार नाही. त्या जागा अडवतात, नुकसान करत नाहीत. नुकसान करतात त्या एका नावाच्या, थोड्याशाच वेगळ्या फाईली. पहिल्या आठवड्यात त्याच हातात घ्यायला हव्या होत्या. भरलेली डिस्क रिकामी होताना दिसते म्हणून मी सोप्या कामाकडे आधी वळले.

४१ जोड्या अजून उरल्या आहेत. त्यांच्या वेळची वही पावसात भिजून गेली आणि छापील प्रतही कार्यालयात नाही. त्यात एका कवितासंग्रहाच्या दोन फाईली आहेत. एकीत एक कविता तीन कडव्यांची आहे, दुसरीत तेच शब्द दोन कडव्यांत. कवी हयात नाहीत. ताईंनी दोन्ही पानं छापून घेतली आहेत, आणि शनिवारी त्या पुणे नगर वाचन मंदिरात पुस्तक मिळतं का ते पाहायला जाणार आहेत.